गतवैभव नको, दाराला कडी हवी

‘गतवैभव’ या शब्दावर काही वर्षं बंदी घालावी असं माझं प्रामाणिक मत झालं आहे. किल्ल्यांचं गतवैभव, वाड्यांचं गतवैभव, तळ्यांचं गतवैभव. कुठे भूमिपूजनाचा नारळ फुटला की हा शब्द आलाच. गेल्या हिवाळ्यात आम्ही वज्रेश्वरीकडे जाऊन आलो आणि तेव्हापासून आमच्या घरातही तो फिरतो आहे. मामा म्हणतात, “काय ती जागा होती रे! सरकारनं लक्ष घालून पुन्हा गतवैभव मिळवून द्यायला पाहिजे.” मी म्हणतो, अजिबात नको. ते वैभव गेलं ते बरं झालं. मामा रागावले आहेत, मावशी माझ्या बाजूने आहे. बाकीच्या मंडळींनी कुणाच्या बाजूने व्हायचं ते ठरवावं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी पाण्याबद्दल. आम्ही मंगळवेढ्याचे. आमची जमीन काळी आणि खोल. पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर हिवाळ्यात मालदांडी ज्वारी उभी राहते. याच ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण जमिनीच्या ओलीवर माणसाची तहान भागत नाही. तालुक्याच्या दक्षिणेकडच्या गावांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत. टँकर, हंडे, विहिरीचा दिसणारा तळ, हे आमचं पाण्याचं शिक्षण. अशा माणसाला कुणी सांगितलं की बारा महिने, कुणी न मागता, आयतं तापवलेलं पाणी जमिनीतून वर येतं, तर त्याला तो चमत्कारच वाटणार.

मराठीने या चमत्काराला नावंही गोड दिली आहेत. पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, चोपड्याकडचं उनपदेव, किनवट तालुक्यातलं उनकेश्वर. सगळ्या नावांत ऊन पाणी बसलेलं आहे. कोकणातले हे झरे पालघरपासून राजापूरपर्यंत, तीनशेहून अधिक किलोमीटरच्या पट्ट्यात, जवळजवळ एका रेषेत येतात. त्यांचा जिवंत ज्वालामुखीशी संबंध नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं. खाली जाल तसा दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी खडक तापत जातो. तिथे पाणी तापतं, वाटेतले क्षार पोटात घेतं आणि दुसऱ्या फटीतून वर येतं. वज्रेश्वरीची कथा सांगते की देवीने मारलेल्या राक्षसांच्या रक्ताचं हे पाणी झालं. कथा काय आणि भूगर्भशास्त्र काय, दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: हे पाणी तापवायला कुणाला एक रुपयाही खर्च आलेला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी असा हा पट्टा आहे. वज्रेश्वरीचं मंदिर वसईच्या मोहिमेशी जोडलेलं. चिमाजीअप्पांनी देवीला नवस केला, १७३९ साली वसई सर झाली आणि मग गडासारख्या दरवाजाचं ते मंदिर उभं राहिलं. गणेशपुरीला नित्यानंद स्वामींची समाधी आहे. ते १९६१ साली गेले. यात्रेकरू आधी कुंडात अंघोळ करतात, मग दर्शनाला जातात. ही पद्धत रिसॉर्ट हा शब्द मराठीत येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

रिसॉर्टं नंतर आली. मुंबईहून दोन-अडीच तासांचं अंतर, नदी, झाडी आणि गरम पाणी, एवढ्या भांडवलावर या भागात बरीच उभी राहिली. काही चांगली चालतात. आम्ही उतरलो ते त्यांतलं नव्हतं. त्याचं नाव सांगणार नाही, कृपया फोन करून विचारूही नका, कारण मला एका जागेची तक्रार करायची नसून एका विचाराची करायची आहे. तीस वर्षांपूर्वी मामा-मामी तिथे राहून आले होते. अल्बममध्ये फोटो आहेत: कारंजं, संगमरवरी हॉल, पांढरा कोट घातलेले वाढपी, आणि निळ्या फरशीच्या हौदात कमरेइतक्या वाफाळत्या पाण्यात उभे असलेले मामा. त्या फोटोच्या भरवशावर आई आणि मावशी, दोघींचे मिळून चार दुखरे गुडघे घेऊन मी मंगळवेढ्याहून चारशेच्या आसपास किलोमीटर गाडी हाकली.

कारंजं कोरडं होतं आणि त्यात रंगाचे रिकामे डबे ठेवले होते. संगमरवर होता, पण पिवळा पडलेला. झुंबर होतं, त्यात एक दिवा लागत होता. निळ्या हौदाच्या दाराला साखळी आणि आत मोडक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत. खोलीचं भाडं तीन हजार. हे सगळं मी सोसलं असतं, पडक्या वैभवाला स्वतःची एक गंमत असते. पण सकाळी न्हाणीघराचा नळ सोडला तर पाणी गार. खाली जाऊन विचारलं. काउंटरवरचा मुलगा अगदी सभ्यपणे म्हणाला, “सर, गरम पाणी सहा ते आठ. बादलीनं मिळेल. गिझर एकच चालू आहे.”

गिझर! ज्या जमिनीतून उकळतं पाणी वर येतं तिच्यावर बसून ही मंडळी विजेवर पाणी तापवत होती आणि ते बादलीने मोजून देत होती. झऱ्याचं पाणी आणणारा पंप तीन वर्षांपूर्वी बिघडला, नळात क्षार बसून ते चोंदले, मालक मुंबईला असतात, असं कळलं. मावशीने बादलीत हात घातला आणि म्हणाली, “आरं, आपल्या बंबातलं पाणी ह्याच्यापेक्षा ऊन असतंय की!”

मग आम्ही चालत सार्वजनिक कुंडावर गेलो. पाच मिनिटांची वाट. आणि मंडळी, तिथे काय पाणी होतं! काठावर बसून पाय सोडले तर पहिल्यांदा चटका बसावा आणि मग सोडवेना. गंधकाचा वास, वाफ, शेजारच्या गावातून आलेल्या म्हाताऱ्या, ट्रकवाले, नवस फेडायला आलेलं एक अख्खं कुटुंब. तिथे पंप नव्हता, म्हणून बिघडायलाही काही नव्हतं. पाणी आपलं आपण येत होतं.

पण पायऱ्या शेवाळलेल्या. काठावर साबणाचे कागद, शाम्पूच्या पुड्या, तेलाचा तवंग. आणि बायकांची कपडे बदलायची खोली म्हणजे तीन भिंती, एक दार आणि दाराला कडी नाही. कधीतरी असावी, कारण तिची भोकं होती. आईने साडीसकट अंघोळ केली. नंतर मावशी दारात पाठ लावून उभी राहिली, एका अनोळखी बाईने चादर धरली, आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माझ्या आईने थंडीत, घाईघाईने, दाराकडे बघत कपडे बदलले. गुडघ्यांना पाण्याने बरं वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा यायला तयार झाली नाही. चारशे किलोमीटर येऊन एक अंघोळ. कारण काय, तर एक कडी.

आता माझा मुद्दा. मामा म्हणतात त्या रिसॉर्टला पुन्हा उभं करा. मी विचारतो, ते कशाने बसलं? वाईट नशिबाने नव्हे. एक तर घरोघरी गिझर आले आणि गरम पाण्याची अंघोळ ही चैन राहिली नाही. मुंबईकरांना सुट्टी घालवायला दुसऱ्या जागा मिळाल्या: १९९८ साली गोराईला वॉटर किंगडम सुरू झालं, २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि लोणावळा उंबऱ्यात आलं. २०२० च्या टाळेबंदीने आणखी दम काढला. ही कारणं माझ्या मते खरी आहेत, पण वरवरची. मूळ कारण असं की क्षारांचं गरम पाणी नळातून, पंपातून आणि टाइल्सवरून खेळवणं हा रोजचा खर्च आहे. नळात पुटं चढतात, लोखंड खातं, फरशीचे सांधे उघडतात. ज्याने हे बांधलं त्याने बांधण्याचे पैसे मोजले होते, घासण्याचे मोजले नव्हते. आपल्याकडे बांधणाऱ्याचं नाव कोनशिलेवर येतं. घासणाऱ्याचं हजेरीपटावरसुद्धा येईल याची खात्री नसते.

आणि हाच हिशेब सरकारी पर्यटन संकुलांनाही लागू आहे. निधी आला की कमान, बाकडी, रंगीत दिवे, पेव्हर ब्लॉक. तो खर्च एकदाच करायचा असतो, त्याचा समारंभ होतो. झाडूवाल्याचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. म्हणून गतवैभव परत आणायचं म्हणजे पंधरा वर्षांनी पुन्हा जाणारं वैभव आणायचं, एवढाच त्याचा अर्थ.

कुणी म्हणेल, परदेशात बघा. बघू या. इंग्लंडमधल्या बाथ शहराचं नावच अंघोळीवरून पडलं आहे, रोमन लोकांनी तिथे हमामखाने बांधले. त्या वैभवशाली गावात १९७८ साली तिथल्या पाण्यात पोहलेली एक मुलगी मेंदूच्या संसर्गाने गेली. पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा सापडला. त्यांनी सार्वजनिक अंघोळ बंद केली. पाणी नव्या विंधनवाटांनी स्वच्छ वर आणलं, आणि नवं स्नानगृह उघडलं ते थेट २००६ साली. अठ्ठावीस वर्षं! आपण म्हणू फार झालं. पण याच अमिबाच्या बातम्या २०२४ आणि २०२५ मध्ये केरळातून येत होत्या. कोमट, साचलेलं, न बदललेलं पाणी त्याला मानवतं. तेव्हा कुंडात डोकं बुडवू नका आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका, हे मी नातेवाइकांना मुद्दाम सांगतो. शिवाय रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ऊन पाण्याने सांध्यांना तात्पुरता आराम मिळतो. झीज भरून येत नाही.

जपानचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तिथे १९४८ पासून गरम झऱ्यांचा वेगळा कायदा आहे. पाण्यात काय काय आहे आणि कुणी त्यात उतरू नये, याची पाटी प्रत्येक ठिकाणी लावावी लागते. आणि तरीही २०२३ साली फुकुओका प्रांतातल्या एका जुन्या, नामांकित स्नानगृहाचं बिंग फुटलं. आठवड्याला बदलायचं पाणी ते वर्षातून दोनदाच बदलत होते, आणि लिजिओनेला जंतूंचं प्रमाण मर्यादेच्या हजारो पट निघालं. तिथे लाकूडकाम देखणं असेल, पाहुणचार उत्तम असेल. पाणी मात्र घाण होतं. म्हणजे वैभव आणि स्वच्छता यांचं काही नातं असेलच असं नाही. फरक इतकाच की तिथे नियम होता, तपासणी होती, म्हणून पकडलं गेलं. आपल्या कुंडांवर पाण्याचं तापमान लिहिलेली पाटी तुम्ही कधी पाहिली आहे का? शेवटची तपासणी कधी झाली याची तारीख? मी पाहिलेली नाही.

आमच्या गावचं एक सांगतो. मराठीत पैशाला गमतीने दामाजी म्हणतात. पण मंगळवेढ्याचे दामाजीपंत ओळखले जातात ते दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली म्हणून. आणि त्याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेले. ज्या कुसाच्या आत राहायची त्यांना मुभा नव्हती तेच कुसू रचताना. कोठार उघडणारा आणि कुसाखाली गेलेला, दोघांच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. त्यामुळे लोकांच्या पाण्याभोवती कुणी भिंत घालतं म्हटलं की मला पहिल्यांदा संशय येतो. पाण्याचा हक्क ही या राज्यात थोडी गोष्ट नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं पाण्याला हात लावायला चालत गेली होती. आज कुंडावर कुणी जात विचारत नाही हे खरं, आणि तिकिटाची तुलना अस्पृश्यतेशी करणं चूक ठरेल. पण खासगी हौदात फरशी आणि सार्वजनिक कुंडावर शेवाळ, ही वाटणी आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ‘विकास’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर पहिल्यांदा हौदच येतो, याची मला लाज वाटते.

मग काय करायचं? माझी यादी छोटी आहे. बायकांच्या खोलीला दार आणि आतून कडी. म्हाताऱ्यांसाठी पायऱ्यांना धरायचा कठडा. वापरलेलं पाणी वाहून जाईल अशी नाली, म्हणजे कुंड स्वतःच स्वतःला धूत राहील. साबण लावायची जागा कुंडाबाहेर, वेगळी. एक पाटी: तापमान, क्षार, शेवटच्या तपासणीची तारीख. आणि दोन माणसं, एक बाई आणि एक पुरुष, पहाटे आणि दुपारी घासायला, बाकी वेळ लक्ष ठेवायला.

खर्च? दोन माणसांना महिना पंधरा-पंधरा हजार धरा. वर्षाचे तीन लाख साठ हजार. आता कुंडाजवळ गाड्या लावायचे पन्नास रुपये घ्या. अंघोळीचे नव्हे, गाडीचे. जो चालत किंवा एसटीने आला त्याला फुकट. रोज सरासरी वीस गाड्या आल्या तर हजार रुपये, वर्षाचे तीन लाख पासष्ट हजार. पगार सुटला, पाच हजार उरले, त्यात कड्या येतील. हा हिशेब रुमालावर मांडलेला आहे, मान्य. पण नवं संकुल बांधण्याचा हिशेब तरी याहून जाड कागदावर असतो का?

मामांचा पहिला आक्षेप रोजगाराचा. रिसॉर्ट चाललं तर पोरांना काम मिळतं. बरोबर आहे, आणि कुणी स्वतःच्या पैशाने रिसॉर्ट चालवत असेल तर माझी तक्रार नाही. जो चांगला चालवतो त्याचं मी कौतुकच करीन. मात्र स्वच्छ कुंडावर रोज माणसं आली की चहाची टपरी, टॉवेल विकणारी बाई, भाकरी करून देणारं घर, खोली भाड्याने देणारा गावकरी, सगळ्यांचं चालतं. त्यासाठी एक मालक मुंबईहून यावा लागत नाही आणि त्याचा पंप बिघडला म्हणून गाव बसत नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा: “लोकच घाण करतात, काय उपयोग?” हेच लोक अर्ध्या तासाने मंदिरात जातात. तिथे चपला बाहेर काढतात, पुडी खिशात ठेवतात. माणसं तीच. फरक एवढाच की मंदिराचा गाभारा पहाटे कुणीतरी पुसून ठेवलेला असतो. घासलेल्या जागेत पुडी टाकायला हात कचरतो, घाणीत कचरत नाही.

तिसरा आक्षेप मामांनी बोलून दाखवला नाही, पण तोच खरा आहे. त्या फोटोतल्या निळ्या हौदात मामा तरुण होते, मामी शेजारी होती. मामी जाऊन आता सहा वर्षं झाली. तो हौद पुन्हा वाफाळावा असं त्यांना वाटणार. मला ते कळतं, आणि त्या फोटोची थट्टा मी करणार नाही. पण मामा, तो हौद दुरुस्त झाला तरी ते दिवस त्यात नाहीत. आणि माझ्या आईला मात्र येत्या हिवाळ्यात एक कडी लावलेलं दार मिळालं तर ती खरोखर अंघोळीला जाईल.

म्हणून मित्रांनो, तुमच्या गावाजवळ ऊन पाण्याचं कुंड असेल आणि कुणी पुढारी, ठेकेदार किंवा भाबडा लेखक ‘गतवैभव’ म्हणायला लागला, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. एवढंच विचारा: बायकांच्या खोलीला आतून कडी आहे का, आणि उद्या पहाटे कुंड घासायला कोण येणार आहे, त्याला पगार कोण देणार आहे? याची उत्तरं मिळाली तर पुढचं ऐका. नाही मिळाली तर नारळ फोडू देऊ नका.

ता.क. मामींचा तो अल्बम मी स्कॅन करून सगळ्यांना पाठवतो आहे. फोटो खरंच सुंदर आहेत.